बर्फ मिळाला नाही

भीमपूर
८ फेब्रुवारी २०२५

श्रीमती प्रीती मॅडम, फिजिओथेरपिस्ट, आदिलाबाद यांस,
सविनय जय भीम.

चंदा मोतीराम हिच्या हाती तुम्ही छापील फॉर्म पाठवलात, तो भरून याच पाकिटात ठेवला आहे. चंदा आपल्याच वस्तीतली. इंटर पहिल्या वर्षाला आहे आणि पाच वर्षांपासून माझ्याकडे लांब पल्ल्याचं धावते. जानेवारीपासून तिची डावी नडगी दुखते. तेल लावून झालं, शेकून झालं, सरकारी दवाखान्यात फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. तुमच्याकडेच जायचं हा हट्ट तिचा, माझा नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

फॉर्ममध्ये ‘आठवड्याला किती किलोमीटर’ असं विचारलं आहे. पंचवीस. विश्रांतीचे दिवस दोन. जेवण घरचं. ‘प्रशिक्षकाचं मत’ या रकान्यात तुम्ही दीड ओळ जागा सोडली आहे. पाच वर्षांचं मत दीड ओळीत मावत नाही, म्हणून तो कोरा ठेवला.

फोन करणार होते. पण तुमच्या नंबरावर माझा फोन एकदाच वाजतो आणि बंद होतो. याचा अर्थ काय, ते शाळेतल्या पोरांनी मला नीट समजावून सांगितलं. म्हणून ही चिठ्ठी. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं आहे, उघडलेलं असेल तर कळेल.

२५ मे रोजी हैदराबादला क्रीडा अकादमीची निवड चाचणी आहे. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिकडेच. वयाच्या अटीमुळे चंदाला ही शेवटची संधी आहे, पुढच्या वर्षी तिला उभंसुद्धा करणार नाहीत. तोवर पाय नीट करून द्यावा. धावायला शिकवणं माझं काम, दुरुस्ती तुमचं. दोघींनी आपापल्या जागी राहावं.

आपली,
दीपमाला बाबाराव
पीईटी (क्रीडाशिक्षिका), जिल्हा परिषद हायस्कूल

२ मार्च

प्रीती,

‘मॅडम’ लिहिताना पेन अडतं. एका ताटात जेवलेल्या बाईला किती दिवस मॅडम म्हणायचं? तुला आवडत नसेल तर कळव. नाहीतरी तू कळवतेस ते दवाखान्याच्या कागदावर, तीन ओळीत, सहीसुद्धा नाही.

‘धावणं बंद. चालणं, सायकल, जमल्यास पोहणं.’ पोहायला इथे पैनगंगा आहे, ती मार्चमध्ये गुडघ्याएवढी असते, हे तू विसरलीस का? सायकल मिळाली. चंदा सकाळी सायकल चालवते आणि मी बाकीच्या पोरांना पळवते. ती माझ्याकडे बघत नाही. पूर्वी फेरी संपली की पहिली माझ्या घड्याळाकडे यायची.

आता सगळं ‘प्रीती मॅडम म्हन्तात’. प्रीती मॅडम म्हन्तात दात घासताना एका पायावर उभं राहायचं. प्रीती मॅडम म्हन्तात दोन अंडी खायची. प्रीती मॅडम म्हन्तात दुखलं की थांबायचं. मी विचारलं, “काऊन गं, मी कधी थांबू नको म्हनलं तुले?” तर म्हणते, “तुमी नाई म्हनत मॅडम. तुमी फक्त अजून एक फेरी म्हनता.” वर हसली. तुझ्याकडे जाऊन आल्यापासून पोरगी तोंडावर बोलायला शिकली.

आणि ते दुसरं. तिची पाळी चार महिन्यांपासून आलेली नाही, हे तू मला कागदावर लिहून कळवलंस. मी पाच वर्षं तिच्या बुटाच्या नाड्या बांधल्या. वारंगलला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसले. तिच्या आईला, रुक्माबाईला, मुलीनं चड्डी घालून धावावं हे पटवायला मला एक उन्हाळा लागला. आणि ती हे तुला सांगते, दुसऱ्या भेटीत, पाय चोळता चोळता.

मला राग आला, प्रीती. काळजी नंतर वाटली, आधी राग आला. खोटं कशाला लिहू.

खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की असं होतं, हाडं ठिसूळ होतात, असं तू लिहिलंस. आठवड्याला पंचवीसमध्ये असं सहसा होत नाही, तुम्ही आकडा पुन्हा तपासा, असंही लिहिलंस. आता तूच मला ‘तुम्ही’ म्हणतेस. आकडा बरोबर आहे.

दीपमाला

३० मार्च

प्रीती,

दुखणं गेलं म्हणते चंदा. दाबलं तरी दुखत नाही. मीही दाबून पाहिलं, तू पाहतेस तसं अंगठ्यानं. ‘एप्रिलअखेर हळूहळू धावणं सुरू, आधी एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं’ हा तुझा तक्ता भिंतीवर लावला आहे. म्हणजे तिनं लावला आहे. त्याच खिळ्यावर आधी माझा तक्ता होता.

वस्तीत तुझंच नाव चाललं आहे. काल विहारात जयंतीची बैठक झाली. धोंडीबा काका, तेच आपले समितीचे अध्यक्ष, अजून तसेच आहेत, फक्त दात गेले. म्हणाले, “मोतीरामच्या पोरीचा पाय गेल्यात जमा होता. प्रीतीनं हातात घेतला आन् नीट केला. आपल्या वस्तीची पोरगी डाक्टर झाली तं असा फायदा होते.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच, पहिल्या रांगेत बसले होते. मग कुणीतरी म्हणालं, “अन् दीपमालाबाईनं शिकवलं तिले.” आठवण झाल्यासारखं. पाणी वाढताना शेवटच्या माणसाची होते तशी.

यंदा जयंतीची ज्योत चंदानं आणावी असं ठरलं. आदिलाबादहून पहाटे निघायची, आपल्या वेळी निघायची तशीच. बावीस किलोमीटर, अकरा पोरं, दोन-दोन किलोमीटरला हात बदलणार. चंदा फक्त वेशीपासून विहारापर्यंत, दोनशे पावलं. तुलाही पाहुणी म्हणून बोलवायचं म्हणतात. ये. चोवीस वर्षांत जयंतीला आली नाहीस.

काऊन येत नाहीस ते मला माहीत आहे. २००१ ची निवड चाचणी. पाच हजार मीटरच्या आठव्या फेरीत तू पडलीस आणि मी तुला ओलांडून पुढे गेले. कडेला घड्याळ धरून उभे असलेले वामनराव सर ओरडले, “दीपा, थांब,” तरी गेले. शर्यत ही शर्यत असते, प्रीती. मी थांबले असते तर दोघी गेलो असतो. मी तेच केलं जे कुठल्याही धावणारीनं केलं असतं. मी राज्याला गेले आणि नववी आले, हेही खरं. त्यात माझाही उजवा गुडघा गेला. तुला कुणी सांगितलं असेलच, जिना उतरताना मी अजून कठडा धरते.

दोनशे पावलांचं कळव.

दीपमाला

१६ एप्रिल

प्रीती,

‘दोनशे पावलं चालत. धावत नाही. मला त्या दिवशी जमणार नाही.’ तुझं हे उत्तर मिळालं होतं.

जयंती चांगली झाली. ज्योत साडेआठला वेशीत आली. बँड होता, निळा गुलाल होता, धोंडीबा काकांनी अर्धा तास भाषण केलं आणि ऊन वाढलं म्हणून त्यांना खाली बसवावं लागलं.

चंदाचा पाय परवापासून थोडा दुखतो. मिरवणुकीत नाचली, पोरीच त्या, डीजे लागला की कोण ऐकतं. सूज फारशी नाही. शनिवारी ती एकटी येईल तेव्हा बघून घे. पुढच्या सोमवारपासून धावणं सुरू करायचं होतं ते एक आठवडा पुढे ढकलावं असं मला वाटतं. चाचणीला अजून पाच आठवडे आहेत, तेवढ्यात होईल.

माझ्या मते काळजीचं काही नाही.

दीपमाला

१९ एप्रिल

प्रीती,

चंदा आज तुझ्याकडे आली नाही. तिला मी थांबवलं. मंगळवारी मी स्वतः घेऊन येते. हे पत्र तेव्हा तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत समोर बसेन. आधी पाठवलं तर तू मला दारात उभं करणार नाहीस याची भीती वाटते.

सोबत एक वही आहे, लाल पुठ्ठ्याची. ती खरी वही. फॉर्मवर मी पंचवीस लिहिलं होतं. डिसेंबरात चंदा आठवड्याला साठ धावत होती आणि जानेवारीत दुखायला लागल्यावरही पंचावन्न. विश्रांतीचा दिवस एकही नाही. तू मला बोलशील म्हणून लपवलं. तू बोलायच्या आधीच तुझ्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. तुझा तक्ता माझ्या खोट्या आकड्यावर उभा होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता जयंतीचं. ती नाचली नाही. ती धावली.

पहाटे पोरांबरोबर तीही टेम्पोत बसून आदिलाबादला आली, ज्योत निघताना बघायला म्हणून. मीच बसवलं. चौकात ज्योत पेटली, तेव्हा मी म्हटलं, पहिलं पाऊल चंदा टाकेल, मान म्हणून. शंभर मीटर. मग मी माझ्या भाच्याच्या, हर्षदीपच्या गाडीवर मागे बसले आणि तिच्या बाजूबाजूनं निघाले. शंभर मीटर झाले, तिथे ज्योत घ्यायला आलेल्या पोराला मी मागे सारलं. काय धावत होती, प्रीती. सात आठवडे कोंडलेलं पाणी सुटावं तशी. दोन किलोमीटरवर दुसरा पोरगा हात पुढे करून उभा होता. मी त्याला सांगितलं, “राहू दे, अजून थोडं जाऊ दे तिले.” पुढच्यालाही तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही.

तिनं दोनदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. एकदा नवव्या किलोमीटरला, एकदा सतराव्या. दोन्ही वेळा मी हातानं पुढे जा म्हणून खूण केली. बावीसच्या बावीस ती एकटी धावली. वेशीत सगळी वस्ती उभी होती, बायका रडत होत्या, आणि धोंडीबा काका माईकवर म्हणाले, “ही आपल्या दीपमालाबाईची पोरगी.” हे ऐकायला मी तिला बावीस किलोमीटर पळवलं. पाय तू नीट केलास तर तो तुझा झाला, आणि मी पळवला की परत माझा, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. लिहिताना ते किती खुळं दिसतं.

संध्याकाळी ती नळावर एका पायानं उड्या मारत गेली. काल मी तिला शिकवून ठेवलं होतं, नाचली म्हणून सांग. आज सकाळी बसला निघताना तिनं विचारलं, “मॅडम, प्रीती मॅडमनं डोळ्यात पाहून विचारलं तं मी काय सांगू? मले त्याइच्यासमोर खोटं नाई बोलता येत.” पिशवी खांद्याला लावून उभी होती, डावा पाय अधांतरी. तेव्हा मी तिला घरी परत पाठवलं.

कारण डोळ्यात पाहून खोटं बोलता येतं, प्रीती. मला आलं होतं. तुझ्यासमोर.

तुला वाटतं मी तुला ओलांडून गेले, एवढंच. तेवढंच असतं तर मी कधीच येऊन पाया पडले असते. चाचणीच्या आदल्या दुपारी सरावात तुझा घोटा मुरगळला. आपण आदिलाबादच्या मुलींच्या वसतिगृहात उतरलो होतो. वामनराव सरांनी स्वतःचा जेवणाचा डबा रिकामा करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “स्टेशनजवळ मासळीवाल्याकडे बर्फ मिळतो. पळत जा, पळत ये. घोट्यावर बर्फ ठेव, गरम काही लावू नको. अन् रातच्यानं उतरलं नाही तं तिनं उद्या धावायचं नाही.” तू खाटेवर पडून होतीस, म्हणालीस, “लवकर ये वं दीपा.”

निवड एकीचीच होणार होती. सगळ्यांना माहीत होतं ती कोण. तू माझ्यापेक्षा बारा सेकंद पुढे होतीस, कायम, कितीही रक्त आटवलं तरी बारा सेकंद. सर तुझ्या पळण्याकडे बघायचे तेव्हा घड्याळ बघायला विसरायचे. माझ्या वेळी ते घड्याळच बघायचे. चोवीस वर्षं झाली, तरी ते बारा सेकंद मी अजून मोजते आहे.

बर्फ मिळाला होता. डबा भरून. मी पळतच आले. वसतिगृहाच्या मागे मोरी होती, तिथे कडुलिंबाखाली बसले आणि डबा मांडीवर ठेवला. आत जायचंच होतं मला, हे खरं. पाच मिनिटं बसते म्हटलं. मग झाकण उघडून पाहिलं तर कडेनं पाणी सुटलं होतं. मग मी बसूनच राहिले. सगळं पाणी होईपर्यंत. ते मोरीत ओतलं, डबा पदरानं, म्हणजे तेव्हा ओढणी होती, ओढणीनं कोरडा केला आणि आत येऊन तुझ्या डोळ्यात पाहून म्हटलं, “बर्फ मिळाला नाई.”

मग मी तुला वीट गरम करून शेकलं. माझी आई, चंपाबाई, सगळ्यांना शेकायची तसं, टॉवेलात गुंडाळून. घोटा रात्री खरबुजाएवढा झाला. तू विचारलंस, “दीपा, धावू का मी?” मी म्हटलं, “शेकलं का होते नीट. धाव.” सरांना आपण दोघींनी सांगितलं की सूज उतरली.

बाकी तुला माहीत आहे. आठवी फेरी.

त्या घोट्यानं तुझं धावणं गेलं आणि तू दुसऱ्यांचे पाय नीट करायला शिकलीस. लोक म्हणतात बरंच झालं, डॉक्टर झाली. त्याचासुद्धा मला हेवा वाटतो, बघ. तुझं मी मोडलं, आणि त्यातूनही तू काहीतरी केलंस. मी राज्यात नववी आले आणि त्या नवव्या नंबरावर नोकरी लागली, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या पोरींना ‘अजून एक फेरी’ म्हणते आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काही उत्तर द्यावं लागेल. चंदाचा पाय वाचव, एवढंच म्हणते. खरी वही घे.

दीपा

२३ एप्रिल

प्रीती,

आज चंदाला शाळेतली खुर्ची नेऊन दिली. पाय वर ठेवून बसते. तू सांगितलंस तसं, त्या पायावर वजन अजिबात नाही.

काल तुझ्याकडे मी काही बोलले नाही, म्हणून हे लिहिते.

तू फोटो उजेडावर धरलास आणि बोटानं दाखवलंस. हाडावर केसाएवढी रेघ. म्हणालीस, “आठ आठवडे. मेची चाचणी होणार नाही.” चंदा रडली नाही. तिनं मान वळवून तुझ्याकडे पाहिलं, आणि तू तिचा हात धरलास. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही तिनं. मी दोन हातांवर होते. तेव्हासुद्धा मला काय वाटलं माहीत आहे का? हिनं माझा हात धरायला हवा होता. अकादमी गेली, तिचं पुढचं सगळं गेलं, माझ्यामुळे गेलं, आणि मी हातासाठी जळत होते. असं असतं माझं. तुला माहीत असावं म्हणून सांगते.

मग मी पत्र दिलं. काउंटरवरच्या पोरीनं बाकाकडे बोट करून “कूर्चोंडी” म्हटलं, मी बसले. दार उघडंच होतं. तू वाचताना मला दिसत होतीस. शेवटचं पान तू दोनदा वाचलंस. मग कागदांची घडी घातलीस आणि ड्रॉवरमध्ये ठेवलीस, फाडले नाहीस. बराच वेळ हात ड्रॉवरवर होता.

मला वाटलं आता हाकलशील. तू उठून आलीस, तुझा स्वतःचा जेवणाचा डबा धुऊन आणलास आणि माझ्या हातात दिलास. म्हणालीस, “दीपा, स्टेशनजवळ मासळीवाल्याकडे बर्फ मिळतो. चंदाच्या पायाला लागेल. पळत जा, पळत ये.”

तुझ्या मागे फ्रिज होता, प्रीती. मी पाहिला होता. त्या पोरीनं माझ्यादेखत त्यातून बर्फाची निळी पिशवी काढून एका म्हाताऱ्याच्या खांद्याला बांधली होती. तुलाही माहीत होतं की मी पाहिलं आहे.

मी गेले. ऑटो केला नाही. बेचाळीस वर्षांची बाई साडी खोचून, डबा छातीशी धरून आदिलाबादच्या भर दुपारच्या रस्त्यानं लंगडत पळते, हे लोकांनी थांबून पाहिलं. भाजीवाल्यानं विचारलं, “क्या हुआ अम्मा?” गुडघा पहिल्या वळणावरच बोलायला लागला. येताना तर ठणकतच होता. वाटेत दोन कडुलिंब लागले, एक कोर्टाजवळ, एक शाळेच्या भिंतीला. सावली होती. मी थांबले नाही.

आत आले तेव्हा झाकणातून पाणी गळत होतं आणि मला श्वास धरवत नव्हता. तू डबा घेतलास, हातावर तोलून पाहिलास. अर्धा राहिला असेल. मग तू मला विचारलंस, त्या दिवशी खाटेवरून विचारलं होतंस त्याच आवाजात, “मिळाला का?”

मी पदरानं घाम पुसला. तू वाट पाहिलीस, मग बर्फ टॉवेलात बांधलास, माझा हात धरून चंदाच्या नडगीवर ठेवलास, आणि “वीस मिनिटं” म्हणून दुसऱ्या पेशंटकडे निघून गेलीस. वीस मिनिटं मी हात काढला नाही. बोटं बधिर झाली. चंदानं एकदा विचारलं, “मॅडम, तुमचा हात थंड नाई झाला का?”

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, ते कळवते. बर्फ मिळाला. पहिल्याच दुकानात मिळाला. तेव्हाही पहिल्याच दुकानात मिळाला होता.

दीपा